डभोई परगण्यातील जुनी मराठी घराणी: आमचे मूळपुरुष नेमके कोणाचे चाकर म्हणून आले असावेत?

ओरसंगकाठ (प्रश्न)

सर्व सभासदांस नमस्कार. मी बडोद्यात रावपुऱ्यालगत राहतो, परंतु आमचे मूळ घर डभोई तालुक्यात, ओरसंग नदीपासून चालत अर्ध्या तासावर असलेल्या एका खेड्यात होते. इनामे खालसा झाल्यावर आजोबांनी बिऱ्हाड शहरात हलवले. गावात आता आमचे कोणी नाही. तरीही ज्या बोळात घर होते त्याला तेथील लोक अजून 'दक्षिणीनी खडकी' म्हणतात. मागच्या दिवाळीत मी तेथे गेलो तेव्हा एका वृद्ध पाटीदार गृहस्थांनी मला नाव न विचारता थेट त्या बोळाशी नेऊन उभे केले. तेव्हापासून हा शोध मनातून जात नाही.

घरात चालत आलेली हकीकत अशी आहे की, आमचे मूळपुरुष गायकवाडांबरोबर देशावरून आले, त्यांच्याजवळ स्वतःचा घोडा होता आणि चाकरीबद्दल गायकवाडांनी त्यांना गावात जमीन दिली. आजी मात्र निराळे सांगत असे. तिच्या म्हणण्याप्रमाणे ते लेखणीवाले होते आणि तलवारीशी त्यांचा काही संबंध नव्हता. या दोन हकीकतींचा मेळ आम्हाला कधी घालता आला नाही.

हाती असलेला पुरावा थोडा आहे. एक मोठा तांब्याचा हंडा आहे, त्याच्या काठावर ठोकलेली अक्षरे झिजली आहेत. एक मोडी कागद आहे, उभा, लांबट, दोन ठिकाणी घडीवर फाटलेला. ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यातील कालाची ओळ वाचून दिली, ती अशी: 'सु॥ सलास तिसैन मया व अलफ', आणि शेवटाकडे 'छ १४ रज्जब'. याखेरीज, आमची जमीन 'बारखली' होती एवढे आजोबांच्या तोंडून ऐकलेले आहे.

गेल्या वर्षी मी कोठीच्या आवारातील अभिलेखागारात चार-पाच वेळा गेलो. तेथील मंडळींनी मनापासून मदत केली, परंतु आमच्या गावाचे नाव १८१८ पूर्वीच्या कोणत्याही कागदात सापडले नाही. जर आम्ही गायकवाडांचे चाकर होतो, तर गायकवाडांच्या दफ्तरात आमचा मागमूस का नसावा? जाणकारांनी मार्ग दाखवावा, ही विनंती.

मोडीचा विद्यार्थी

प्रथम कालाविषयी लिहितो, कारण त्यावरच पुढचे सर्व अवलंबून आहे. आपण दिलेली ओळ सुहूर सनाची आहे. या सनात आकडे अरबी शब्दांत लिहीत आणि एकं, दहं, शतं, सहस्र अशा उलट क्रमाने सांगत. सलास म्हणजे तीन, तिसैन म्हणजे नव्वद, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार; एकूण ११९३. सूर्य मृग नक्षत्रात गेला की, म्हणजे साधारण जूनच्या आरंभी, हे वर्ष बदलत असे. म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. सुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि त्यापुढे ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. आपला कागद त्यामुळे जून १७९२ ते जून १७९३ यांमधील ठरतो.

'छ' हे चंद्राचे चिन्ह असून त्यापुढे हिजरी महिन्याची तारीख येते. त्या वर्षातील रज्जबची चौदावी तारीख २५ फेब्रुवारी १७९३ च्या आसपास पडते. चंद्रदर्शनाप्रमाणे एखाद्या दिवसाचे अंतर धरावे.

आता एक गोष्ट आपण स्वतःच पाहावी, त्यासाठी संपूर्ण मोडी येण्याची गरज नाही. कागदात किंवा शिक्क्यात 'सेनाखासखेल समशेर बहादूर' ही अक्षरे आहेत का? हा गायकवाडांचा किताब आहे आणि त्यांच्या सरकारातून निघालेल्या सनदापत्रांत तो बहुधा असतो. तो नसेल आणि 'पंतप्रधान' हा पेशव्यांचा किताब आढळला, तर आपला कागद दुसऱ्याच दरबाराचा आहे. कागदाच्या शेवटी, मजकुराच्या खाली, 'मोर्तब सूद' असा छोटा शिक्का उमटलेला आहे का, तेही पाहावे. तो असल्यास कागद मूळचा आहे, नक्कल नव्हे, असे समजण्यास चांगला आधार मिळतो. आणखी एक कळकळीची विनंती आहे: फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावू नये. माझ्या मामांच्या घरच्या दोन सनदांवरील अक्षरे तिच्या डिंकाने पिवळी पडून वाचण्याजोगी उरली नाहीत.

भिलापूरचा वाटसरू

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते डभोईच्या इतिहासातच आहे. बडोदा जिल्हा म्हणजे पहिल्यापासून गायकवाडांचा मुलूख, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. मीही अनेक वर्षे तसेच मानत होतो. प्रत्यक्षात अठराव्या शतकात या एवढ्याशा टापूत एका गावचा वसूल एका दरबारात आणि शेजारच्या गावचा दुसऱ्या दरबारात जात होता.

आरंभी गुजरातची मोहीम सेनापती खंडेराव दाभाडे यांच्याकडे होती आणि दावडीचे गायकवाड त्यांचे सरदार होते. त्यांतील पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ मध्ये सुरतेच्या मुलखात स्वारी केली आणि पुढे सोनगड हे ठाणे केले. गुजरातच्या चौथाईवरून पेशवे आणि दाभाडे यांचे वितुष्ट वाढत गेले आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभोईजवळ भिलापूर येथे लढाई झाली. खंडेरावांचे पुत्र त्र्यंबकराव दाभाडे त्या लढाईत पडले; पिलाजीरावांचा मुलगा सयाजी हाही तेथेच मारला गेला आणि पिलाजीराव जखमी होऊन सोनगडला गेले. आज बडोद्याहून डभोईला मोटारीने जाताना भिलापूर केव्हा मागे पडते ते कळतही नाही, आणि हे मला दर वेळी बोचते. ज्या शेतांतून ही लढाई झाली तेथे दोन्ही बाजूंनी मराठीच बोलणारी माणसे पडली.

पुढच्याच वर्षी, १७३२ मध्ये, जोधपूरच्या अभयसिंहाच्या माणसाने डाकोर येथे पिलाजीरावांचा खून केला. त्यांच्या लोकांनी प्रेत महीपार आणून सावली येथे दहन केले. १७३४ मध्ये पिलाजीरावांचे बंधू महादजी यांनी बडोदे घेतले, ते गायकवाडांकडेच राहिले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा यानंतरचा आहे. पिलाजीरावांचे पुत्र दमाजीराव पेशव्यांच्या कैदेत पडले आणि त्यांच्या सुटकेबरोबर गुजरातची निम्मी वाटणी ठरली; १७५१ ते १७५३ या काळातील ही घडामोड आहे. या वाटणीत डभोई पेशव्यांकडे गेली. १७८० च्या जानेवारीत इंग्रज जनरल गॉडर्डची फौज आली तेव्हा डभोईतील शिबंदी पेशव्यांची होती, ती ठाणे सोडून निघून गेली. त्याच महिन्याच्या २६ तारखेला फत्तेसिंगराव गायकवाडांनी डभोईजवळच्या कुंढेला गावी इंग्रजांशी तह केला. गुजरात केंद्रीय विद्यापीठाला अलीकडे जागा मिळाली ते हेच कुंढेला. यानंतर १७८३ पर्यंत डभोईचा कारभार इंग्रजांकडे होता आणि जेम्स फोर्ब्स हा तेथील कलेक्टर होता. सालबाईच्या तहानंतर परगणा मराठ्यांना परत मिळाला. गायकवाडांकडे डभोई आली ती १८१७ च्या तहाने, त्यांच्या अहमदाबादेतील वाट्याच्या बदल्यात.

आता आपला कागद पाहावा. १७९३ मध्ये डभोई पेशव्यांची होती. आपल्या पूर्वजांना त्या साली डभोई परगण्यात जमीन मिळाली असेल किंवा काही हक्क मिळाला असेल, तर तो देण्याचा अधिकार पुण्याचा होता, बडोद्याचा नव्हता. कोठीच्या दफ्तरात १८१८ पूर्वीचे आपले गाव सापडत नाही याचे कारण एवढेच असावे. आपला कागद ज्या दरबारचा, त्याचे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे.

गोधरेकर

वर मांडलेल्या मुद्द्याला आमच्या बाजूचे एक उदाहरण जोडतो. गोधरा, दाहोद, हालोल, कालोल आणि झालोद हे पाच महाल शिंद्यांचे होते आणि त्यांवरूनच पंचमहाल हे नाव पडले. १८६१ मध्ये ते इंग्रजांकडे गेले. त्यामुळे आमच्याकडील जुन्या मराठी घरांचे धागे ग्वाल्हेरला जातात, बडोद्याला नाहीत. महालाची हद्द ओलांडली की दरबार बदलतो, हे आमच्या भागात शोध घेणाऱ्याने सतत ध्यानात ठेवावे लागते.

दुसरे असे की, प्रत्येक मराठी घर फौजेबरोबर किंवा कचेरीबरोबरच आले असे नाही. नारेश्वरच्या श्री रंग अवधूत महाराजांचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. त्यांचे वळामे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील देवळे गावचे. वडील विठ्ठलमंदिराच्या पूजेसाठी गोधऱ्यास आले आणि १८९८ मध्ये महाराजांचा जन्म गोधऱ्यातच झाला. मराठी घरात वाढलेल्या या पुरुषाने दत्तभक्तीची रचना गुजरातीतही विपुल केली आणि ती आज नर्मदाकाठच्या गावागावांत म्हटली जाते. आधी कामदार येत, त्यांच्या पाठोपाठ त्यांचा देव आणि देवाच्या पूजेसाठी कोकणातून किंवा देशावरून भिक्षुक येत. आपल्या गावात विठ्ठलाचे किंवा दत्ताचे जुने देऊळ असेल, तर त्याच्या पूजेची वहिवाट कोणाकडे होती हे अवश्य विचारावे.

संखेडा मेवास

चर्चेत 'मूळ वसाहतकरी' असा अर्थ डोकावू लागला आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. मराठी माणसे येथे आली तेव्हा ही गावे ओसाड नव्हती. पाटीदारांची भरल्या शेतीची गावे होती, गिरासियांचे, म्हणजे जुन्या राजपूत जमीनदारांचे, वांटे (जमिनीतील वाटे) होते, महीकाठी आणि ओरसंगेच्या वरच्या अंगाला कोळी, भिल्ल आणि तडवी यांची जुनी वस्ती होती. १७३४ मध्ये बडोदे हाती आले तेही पाद्र्याच्या दला देसाईने भिल्ल आणि कोळी मंडळींना उठवून साथ दिली म्हणून. आपले पूर्वज वसलेल्या गावात येऊन राहिले, आणि गावाने त्यांना 'दक्षिणी' हे नाव देऊन एका खडकीत सामावून घेतले. माझे स्वतःचे घराणेही असेच आलेले आहे, म्हणून हे आवर्जून लिहिते.

आता 'बारखली'विषयी. हा शब्द तरुण पिढीला अजिबात ठाऊक नाही, आणि आपल्या शोधात तो मोडी कागदाइतकाच महत्त्वाचा आहे. खळी म्हणजे खळे. पूर्वी वसूल धान्यरूपाने घेत तेव्हा सगळ्या शेतांचे पीक सरकारी खळ्यावर येई, तेथे मळणी होई, मापे पडत आणि सरकारचा भाग निघाल्यावरच शेतकऱ्याने आपला भाग घरी न्यायचा. ज्या जमिनीचे पीक या खळ्यावर आणावे लागत नसे, बाहेरच्या बाहेर धन्याच्या घरी जाई, ती बाहेरखळी, म्हणजेच बारखली. याच्या उलट सरकारी खळ्यावर येणारी ती तलपद. बारखलीत पुष्कळ प्रकार होते: देवस्थानाची, ब्राह्मणाला दिलेली, गावच्या चाकरीबद्दलची पसायता, आणि कित्येकदा पाटलांनी अडचणीच्या काळात परस्पर विकलेली किंवा गहाण टाकलेली, जिला वेचाणिया आणि गिराणिया म्हणत.

हे शेवटचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. जमीन बारखली होती एवढ्यावरून ती दरबाराने इनाम दिली असे सिद्ध होत नाही. तुमच्या पूर्वजांनी गावाला कर्ज दिले असेल आणि त्यापोटी जमीन लिहून घेतली असेल, हेही तितकेच शक्य आहे. आमच्याकडे नेमके असेच निघाले. 'महाराजांनी दिलेली जमीन' म्हणून तीन पिढ्या जिचा अभिमान बाळगला, ती दुष्काळात पाटलांकडून गहाण घेतलेली होती. ते समजले तेव्हा आमच्या वडिलांना फार वाईट वाटले, परंतु त्यांनी ते घराण्याच्या टिपणात जसेच्या तसे लिहून ठेवले, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत अशा जमिनींची चौकशी झाली आणि धारकांना आपापला आधार दाखवावा लागला. १८८३ पासून इलियट साहेबांच्या देखरेखीखाली राज्यात जमिनीची पाहणी सुरू झाली. म्हणून शोध अलीकडून पलीकडे न्यावा: तालुक्याच्या कचेरीत प्रथम हक्कपत्रक, त्यामागे सर्व्हेचे फेसलपत्रक, आणि त्यात बारखलीचा प्रकार काय लिहिला आहे ते पाहून मगच मोडी कागदाकडे वळावे. कचेरीत 'इनाम' हा शब्द न वापरता 'बारखली' म्हणूनच विचारावे, म्हणजे जुना कारकून लगेच ओळखतो.

ओरसंगकाठ

आपणा सर्वांचा मी फार ऋणी आहे. काल रात्री दिव्याखाली कागद पुन्हा उलगडला. 'सेनाखासखेल' हा शब्द कोठेही नाही. वरून तिसऱ्या ओळीत 'पंतप्रधान' ही अक्षरे मला स्वतःला लागली, आणि तळाशी शेंगदाण्याएवढा काळपट ठसा आहे, त्यात 'मोर्तब सूद' वाचता येते. आजवर तो शाईचा डाग समजत होतो. मूळपुरुषांच्या नावामागे दोन शब्द आहेत, ते मी अक्षरे जुळवून 'कारकून शिलेदार' असे वाचले. हे शब्द जोडून येऊ शकतात का? कारण मग लेखणी आणि घोडा या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होतात.

मोडीचा विद्यार्थी

निश्चित येतात. पेशव्यांच्या कागदांत 'कारकून शिलेदार' हा शब्द वारंवार आढळतो. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार; अशा शिलेदारांत लेखणीचे काम करणारी माणसेही होती. त्यांना परगण्याच्या ठाण्यावर, मोहिमेत किंवा वसुलीच्या कामावर पाठवीत. आपल्या घरातील पुरुषांनी घोडा लक्षात ठेवला आणि आजींनी लेखणी. दोघांनीही खरे तेच सांगितले.

पुण्यास जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. पहिली म्हणजे परगण्याचे नाव, कारण जुन्या कागदांत 'डभई' असे रूप येते आणि आपण 'डभोई' शोधत बसलो तर नजर त्यावरून घसरते. दुसरी म्हणजे सुहूर सन, इसवी सनासह. तिसरी म्हणजे मूळपुरुषाचे आणि त्याच्या वडिलांचे नाव. आडनावावर विसंबू नये. पुष्कळ कागदांत ते नसतेच, आणि असले तर आजचेच असेल असे नाही. पेशवे दफ्तरात सुमारे ३९ हजार रुमाल आहेत, म्हणजे फडक्यात बांधलेली तितकी गाठोडी. प्रांत आणि साल हाती नसताना तेथे शोध घेणे अशक्य आहे. आपल्याजवळ दोन्ही आहेत, हे मोठे भाग्य.

गोधरेकर

वडिलांच्या नावाविषयी सुचवतो. त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकचे आपले तीर्थोपाध्याय कोण, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. त्यांच्या वहीत यात्रेला आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने आपले, बापाचे, आजाचे आणि भावांचे नाव लिहिलेले असते आणि पुष्कळदा मूळ गावही. आमची चार पिढ्यांची गाळलेली नावे अशीच नाशिकला मिळाली. गुजरातेत स्थायिक झालेली घराणीसुद्धा अस्थी आणि श्राद्ध यांसाठी चांदोद-कर्नाळीबरोबरच नाशिकला जात राहिली, त्यामुळे ही साखळी सहसा तुटत नाही.

ओरसंगकाठ

नाशिकच्या उपाध्यायांचे आडनाव आत्याला आठवत होते, ते तिने लगेच सांगितले. पुढील महिन्यात प्रथम नाशिक आणि तेथून पुणे असा बेत केला आहे. परतल्यावर तालुका कचेरीत बारखलीचा प्रकार पाहीन, आणि ती गहाणाची निघाली तरी येथे तसेच लिहीन. आज सकाळी हंड्याचा काठ चिंचेने उजळून त्यावर पातळ कागद धरला आणि शिसपेन्सिल फिरवली. नाव अर्धवट उमटले आहे, वडिलांच्या नावाचे पहिले अक्षर 'बा' आहे, आणि त्यापुढे 'मु॥ डभई' हे मात्र स्वच्छ वाचता येते.